नववी-दहावीच्या शिक्षकांना पैशाचे व्यवहार शिकवायला कसं तयार करायचं?

तालुका_साधन
तालुका पातळीवर नववी-दहावीच्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचं अर्थसाक्षरता प्रशिक्षण आखायचं आहे. ४० शिक्षक, प्रत्येक शाळेतून एक. बहुतेक गणिताचे, काही समाजशास्त्राचे. हॉल, प्रोजेक्टर, चहा-जेवण ठरलं आहे.

मुलांसाठीचं साहित्य कमी नाही. एनसीएफईच्या (राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या) कार्यपुस्तिका आहेत, रिझर्व्ह बँकेच्या चित्रकथा आहेत, आणि बालभारतीच्या नववी-दहावी गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' प्रकरण आहेच. माझा प्रश्न शिक्षकांबद्दल आहे. दोन दिवसांत त्यांच्याकडून नेमकं काय करून घेतलं, तर ते सोमवारी वर्गात हे शिकवायला धजावतील?

कच्चा आराखडा असा: पहिला दिवस बचत, बँक, विमा, कर. दुसरा दिवस गुंतवणूक, कर्ज, फसवणूक, शेवटी चाचणी. प्रत्येकी एक तास, वक्ते बँक आणि विमा क्षेत्रातले. कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

चिंचवाणी
चहा-जेवण ठरलं म्हणजे उपस्थिती १०० टक्के. बाकी सूचना जाणकार करतीलच.

खडू_फळा
सात विषय, सात वक्ते, सात पीपीटी. शिक्षक दोन दिवस ऐकणार, सही करणार, प्रमाणपत्र घेणार. वर्गात काहीही होणार नाही.

कारण साधं आहे. या विषयात शिक्षक अडतो तो माहितीपाशी नाही, मुलाच्या पहिल्या आडव्या प्रश्नापाशी. "सर, फ्लॅट व्याज म्हणजे काय? आमच्या गाडीला तेच आहे." इथे उत्तर आलं नाही की पुढच्या तासाला ते प्रकरण 'घरी वाचा'मध्ये जातं.

म्हणून निम्मा वेळ शिक्षकांच्या हातात पेन असलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण सत्र पाठ-सरावाला ठेवा. ४० जणांचे आठ-आठचे पाच गट. प्रत्येकाने आठ मिनिटं प्रत्यक्ष शिकवायचं, चार मिनिटं गटाने बोलायचं. एका गटाला ९६ मिनिटं लागतात, दोन तास धरा. पाच गटांना पाच सुलभक लागतील, वक्त्यांच्या मानधनातून ते निघतात.

निरीक्षणाच्या कागदावर तीनच प्रश्न ठेवा. उदाहरणातला व्याजदर महिन्याचा की वर्षाचा, हे सांगितलं का? एखाद्या मुलाला त्याच्या घरची कमाई किंवा कर्ज वर्गात विचारलं का? कुठल्या कंपनीचं किंवा बँकेचं नाव शिफारस म्हणून घेतलं का? 'फलकलेखन सुवाच्य' वगैरे रकाने नकोत.

व्याजदरबार
खडू_फळा यांच्याशी सहमत. सुरुवातीलाच, नोंदणीच्या टेबलावर, एक प्रश्न द्या: १ लाख कर्ज, ३ वर्षं. १० टक्के फ्लॅट स्वस्त की १४ टक्के घटत्या शिल्लकीवर?

गणिताचे शिक्षकही १० टक्क्यांवर खूण करतात. फ्लॅटमध्ये तिन्ही वर्षं पूर्ण मूळ रकमेवर व्याज लागतं, म्हणजे सरळ ३०,००० होतं, हप्ता ३,६११. घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर, १४ टक्क्यांनी हप्ता साधारण ३,४१८ येतो, एकूण व्याज सुमारे २३,०४०. १० टक्के फ्लॅटचा खरा वार्षिक दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो.

हे पटवायला ईएमआयचं सूत्र लावू नका. ते नववी-दहावीत नाही, आणि शिक्षक वर्गात ते टाळतातच. त्याऐवजी फळ्यावर १२,००० रुपये, १२ महिने, दर महिन्याला १,००० मुद्दल फेड, व्याज वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का. पहिल्या महिन्याचं व्याज १२०, मग ११०, मग १००... शेवटी १०. बेरीज ७८०. फ्लॅटने तेच १,४४०. आणि ही १२०, ११०, १०० म्हणजे दहावीची अंकगणिती श्रेढी! बारा भागिले दोन, गुणिले १३०. 'अभ्यासक्रमाबाहेरचं कधी शिकवू' ही तक्रारही तिथेच संपते.

पुढचा टप्पा म्हणजे कर्जाचा खरा कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून एपीआर, म्हणजे कर्जाचा खरा वार्षिक दर, लिहिलेला असतो. शिक्षकांना नमुना देऊन पाच मिनिटांत एपीआर शोधायला लावा. त्यांना सापडला तर ते मुलांना शोधायला लावतील.

शंकासुर
एक मूलभूत शंका. ज्या घरात महिनाअखेरीला उसनवारी आहे, तिथल्या पोराला बजेट आणि एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) शिकवून काय साधणार? गरिबी ही हिशेब न जमल्यामुळे येते, असा एक गर्भित आरोप या सगळ्या उपक्रमांत असतो. तो शिक्षकाच्या तोंडून आला तर जास्त लागतो.

कोयता_मोळी
शंकासुर, मुद्दा अर्धा मान्य. पण गरीब घरातच व्यवहार जास्त गुंतागुंतीचे असतात. छापील पुस्तिकांतलं कुटुंब महिन्याच्या १ तारखेला पगार घेतं. आमच्या पट्ट्यातलं कुटुंब मुकादमाकडून उचल घेतं आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडतं. त्याचं बजेट महिन्याचं नसतंच, वर्षाचं असतं, आणि सुरुवात वजा आकड्यातून होते.

तेव्हा प्रशिक्षणात बजेटचे तीन नमुने ठेवा: पगारदार, शेतकरी, हंगामी मजूर. शेतकऱ्याचा तक्ता बारा रकान्यांचा करा. खर्च बाराही रकान्यांत येतो, उत्पन्न दोन किंवा तीन. मोकळ्या रकान्यांत पैसा कुठून येतो, हा खरा पाठ.

आणि व्याजाची भाषा. गावात कोणी "तीन टक्क्याने घेतले" म्हणतं, तेव्हा ते महिन्याला शेकडा ३ असतं. वर्षाचे ३६. पुस्तकातले ७ टक्के वर्षाचे. शिक्षकाने हे फोडून सांगितलं नाही तर मुलगा प्रामाणिकपणे समजतो की सावकार बँकेपेक्षा स्वस्त आहे! परवानाधारक सावकारांचे दर महाराष्ट्रात शासन ठरवून देतं आणि ते वर्षाचे असतात, हेही सांगावं.

वऱ्हाडी_मास्तर
+१. त्यात 'नवं-जुनं' पण घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून लोक चार-आठ दिवसांसाठी बाहेरून पैसे घेऊन बँकेत भरतात आणि नवीन कर्ज उचलून ते परत करतात. समजा १ लाख, बाहेरचा दर महिन्याला ३ टक्के, आणि बँकेच्या मंजुरीला आठ दिवसांऐवजी दोन महिने लागले. बिनव्याजी कर्जावर ६,००० व्याज गेलं. हा हिशेब दहावीच्या पोराले सहज जमते, अन् घरी उपयोगी पडते.

रेवदंडा
शंकासुरांच्या प्रश्नाला पुराव्याच्या अंगानेही बघता येईल. ब्राझीलमध्ये २०१०-११ साली सहा राज्यांतल्या सुमारे ९०० सरकारी शाळा आणि २५ हजार विद्यार्थी घेऊन मोठा प्रयोग झाला. काही शाळांत आर्थिक शिक्षण, काहींत नाही, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी. वेगळा विषय नव्हता, आहे त्या विषयांतच धडे मिसळले होते. निकाल मिश्र. मुलांचं ज्ञान वाढलं, बचत थोडी वाढली, मुलं घरच्या बजेटबद्दल बोलू लागली. पण त्याच मुलांचा क्रेडिट कार्ड आणि हप्त्यांवर खरेदी करण्याकडे कलही वाढला. साधनांची ओळख झाली की वापर वाढतो, तो शहाणपणाचाच असेल असं नाही.

याउलट २०१४ च्या एका गाजलेल्या एकत्रित विश्लेषणाने म्हटलं होतं की अशा शिक्षणाचा वागण्यावर परिणाम अगदी क्षुल्लक असतो आणि काळाबरोबर विरतो. नंतरच्या विश्लेषणांनी, फक्त चिठ्ठी पद्धतीचे प्रयोग घेऊन, चित्र बरंच आशादायक दाखवलं. शिक्षकांना हे दोन्ही सांगावं. 'आर्थिक शिक्षणाने गरिबी हटेल' असं बॅनरवर लिहू नये.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने यातून एकच घ्यायचं: जो निर्णय मुलाच्या लवकर वाट्याला येणार आहे तो आधी. १५ वर्षांच्या मुलाला निवृत्तीनियोजन नको. मोबाइल हप्त्यावर, स्वतःचं खातं, ऑनलाइन फसवणूक, पहिली पगारपावती.

निवृत्त_बँकर
मग सुरुवात पासबुकापासून करा. पासबुकाच्या एका पानाची झेरॉक्स, नाव आणि खाते क्रमांक झाकून. शिक्षकांना जोडीने बसवा आणि प्रत्येक नोंद कशाची ते लिहायला सांगा.

दोन नोंदींवर हमखास अडतात: २० रुपये आणि ४३६ रुपये, मे महिन्यात कापलेले. पहिली सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. दुसरी जीवन ज्योती, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख, वय १८ ते ५०. अनेक घरांत हे पैसे वर्षानुवर्षं कापले जातात आणि माणूस गेल्यावर दावा कोणी करत नाही, कारण विमा होता हेच माहीत नसतं. मुलांना गृहपाठ द्यायचा तर 'घरच्या पासबुकात या दोन रकमा दिसतात का, ते घरच्यांना विचारा' एवढाच. उत्तर वर्गात सांगायचं नाही, वहीत लिहायचं नाही.

बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजतात आणि सहसा तिमाहीला जमा करतात. अडीच टक्के धरले तर सरासरी ८,००० शिल्लकीवर तिमाहीला ५० रुपये. आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंड, एसएमएसचे पैसे, हप्ता परत गेल्याचा दंड, या नोंदी शेजारी ठेवा. मुलांना बाकी काही सांगावं लागत नाही.

१० वर्षांवरील मुलांना स्वतः खातं चालवता येण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये नवे निर्देश दिले. मर्यादा आणि सोयी बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. म्हणून 'एटीएम कार्ड मिळेल' असं शिक्षकाने वर्गात जाहीर करू नये, जवळच्या शाखेत विचारून यावं.

पतपेढी
ठेवींचा विषय निघालाच आहे तर ५ लाखांच्या विम्याबद्दल नेहमीची गफलत इथेच दूर करा. डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) ५ लाखांचा विमा फेब्रुवारी २०२० पासून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवलं तरी एकत्र मोजतात. सहकारी बँकांना तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. नावात 'अर्बन', 'मल्टिस्टेट' असं काहीही असो, रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का हे पाहायचं.

शिक्षकांसाठी सराव: गावातल्या पाच पाट्यांची नावं लिहा आणि प्रत्येकीपुढे 'बँक', 'पतसंस्था', 'यापैकी नाही' असं लिहा. खोलीत वाद झाला म्हणजे सत्र जमलं.

सांगलीकर
'यापैकी नाही'मध्ये भिशी घाला! शिक्षकखोलीतच एक चालू असते.

अवांतर: लिलाव भिशीचा तक्ता चांगला पाठ होतो. १० जण, महिन्याला १,०००, भांडं १०,००० चं. ज्याला नड आहे तो ८,५०० ला उचलतो, उरलेले १,५०० दहा जणांत वाटले तर प्रत्येकाला १५०, म्हणजे त्या महिन्यात खिशातून ८५० जातात. आधी उचलणारा कर्जदार, शेवटी उचलणारा ठेवीदार. मुलांना कर्ज आणि ठेव एकाच चित्रात दिसतात. आणि लगेच पुढचा प्रश्न: तिसऱ्या महिन्यात उचलून एखादा गाव सोडून गेला तर? नोंदणीकृत चिट फंडाला १९८२ चा कायदा आहे, सातव्या गल्लीतल्या भिशीला नाही.

झेंडू
पूर्वी शाळांत संचयिका (मुलांची बचत बँक) असायची, ती परत आणली तर? १५ सप्टेंबर संचयिका दिन. मुलंच खातेवही लिहायची, मुलंच रोखपाल.

निवृत्त_बँकर
झेंडू, कल्पना गोड आहे. पण आज शाळेत मुलांची रोकड ठेवायची म्हणजे मुख्याध्यापकांच्या डोक्याला ताप. पावती, लेखापरीक्षण, हरवलेले ५० रुपये, आणि पालकांची तक्रार. खेळातले पैसे आणि खरी खातेवही ठेवा. जमा-नावे लिहायची सवय तेवढ्यानेही लागते.

लिंबूटिंबू
शिक्षकांनी आधी स्वतःचं घर सावरावं की. २००५ नंतर लागलेल्या किती जणांना आपलं एनपीएस (निवृत्तिवेतनाचं) खातं उघडून बघता येतं?

खडू_फळा
लिंबूटिंबूंनी टोमणा मारला पण मुद्दा लाखाचा आहे. पहिल्या दिवशी दुपारी एक तास फक्त शिक्षकांच्या स्वतःच्या पैशाला द्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्ती असेल तर एनपीएसचं विवरण, प्रान म्हणजे त्या खात्याचा कायम क्रमांक, नामनिर्देशन. शिक्षक पतपेढीच्या कर्जाचा खरा दर. जुनी करप्रणाली की नवी. हा तास मिळाला की बाकीचे दोन दिवस ते लक्ष देऊन बसतात. स्वतः विवरण उघडून पाहिलेला माणूस मुलांना 'कागद वाचा' म्हणतो तेव्हा त्यात वजन असतं. मात्र कोणाचा आकडा पडद्यावर दाखवायचा नाही, प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर पाहायचं.

शंकासुर
आणि त्या तासाला हमखास एक वक्ता येणार, "सर, दोन मिनिटं, एक सुंदर पॉलिसी आहे."

चिंचवाणी
वक्ता कशाला? तिसऱ्या बाकावरचे सर पुरेसे आहेत. एजन्सी वहिनींच्या नावावर, बॅग सरांच्या हातात.

पतपेढी
हसण्यावारी नेऊ नका. याचा लेखी नियम हवा. निमंत्रण पत्रातच लिहा: वक्ता कोणत्याही योजनेचं नाव घेणार नाही, पत्रकं वाटणार नाही, हजेरीपत्रकातले मोबाइल क्रमांक कोणालाही दिले जाणार नाहीत. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण फुकट वक्ते मिळतात ते बहुतेक त्या यादीसाठीच. बँक किंवा विमा कंपनीचा माणूस लागणारच असेल तर त्याला व्याख्यान देऊ नका, पाठ-सरावानंतर प्रश्नोत्तराला अर्धा तास बसवा. प्रश्न शिक्षकांचे, उत्तर त्याचं, विक्रीला जागा नाही.

एनसीएफई ही रिझर्व्ह बँक, सेबी, इर्डा आणि पीएफआरडीए या चार नियामकांनी पुढाकार घेऊन काढलेली संस्था आहे. तिचा शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण कार्यक्रम आहे, त्यांच्याकडून प्रशिक्षक मागवता येतो. त्यात विक्री नाही.

करपाटी
पाठ्यपुस्तकाबद्दल कोणी बोललंच नाही. 'अर्थनियोजन' प्रकरणं २०१७-१८ च्या सुमाराची आहेत आणि कर बदलले आहेत. शिक्षकाला हे आधी सांगितलं नाही तर वर्गात एखादा वाणसामानाच्या दुकानदाराचा मुलगा सांगतो, मग पंचाईत.

दहावीत जीएसटीचे ५, १२, १८, २८ असे दर आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ चे टप्पे गेले. मुख्य दर ५ आणि १८, मोजक्या वस्तूंना ४०. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर. वही, पेन्सिल, खोडरबर शून्यावर. यावर उत्तम उपक्रम होतो: त्याच दुकानाचं जुनं आणि नवं बिल शेजारी ठेवून कुठल्या ओळी बदलल्या ते शोधा. परीक्षेत प्रश्नात जो दर दिलाय तोच वापरायचा, हे मुलांना दोनदा बजावा. नाहीतर हुशार मुलं 'खरा' दर लावून गुण घालवतील.

आयकरात गोंधळ जास्त. नववीच्या पुस्तकातले तक्ते जुन्या दरांचे. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर शून्य, पण तो सवलतीमुळे. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००. एकूण ६०,००० आणि करातली सवलतही ६०,०००. शिक्षक तक्ता लावतात, ६०,००० काढतात आणि 'शून्य कसा?' इथे अडतात. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'करवर्ष' आलं.

माझं मत: शिक्षकांना दर पाठ करायला लावू नका. टप्प्याटप्प्याने कर कसा लागतो ती रीत पक्की करा आणि दरांचा एक पानी तक्ता दरवर्षी बदलून द्या.

व्याजदरबार
करपाटी, शेअर्सचा भाग? दहावीत दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, एसआयपी सगळं आहे.

करपाटी
गणित म्हणून ठीक, पण जोखीम दिसत नाही. उदाहरणात भाव वाढतो, नफा काढा, संपलं. प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाने तेच उदाहरण भाव ३० टक्के पडला असं धरून पुन्हा सोडवावं. आणि मग पुढचा प्रश्न: ३० टक्के पडलेला भाव मूळ पदावर यायला किती टक्के वाढला पाहिजे? उत्तर सुमारे ४३. बहुतेक वर्ग ३० म्हणतो.

'सर, कोणता शेअर घेऊ?' याला ठरलेलं उत्तर शिक्षकाला द्या: "सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, ती माझ्याकडे नाही. कंपनीची माहिती कुठे वाचायची ते दाखवतो." ऑप्शन ट्रेडिंगचे व्हिडिओ मुलं बघतातच. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत वायदेबाजारात व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. हा एक आकडा फळ्यावर लिहिला की पुरे.

रेवदंडा
शेअर्सवर अर्धा तासच द्या. वाचलेला वेळ फसवणुकीला.

१९३०_लक्षात_ठेवा
धन्यवाद रेवदंडा, त्यासाठीच आलो. (नावावरून कळलं असेलच.)

फसवणुकीचं सत्र 'ओटीपी सांगू नका' या घोषणेवर संपतं आणि म्हणून फसतं. ओटीपी कोणीच जाणूनबुजून सांगत नाही. अभिनय करून घ्या. एकाला ठग करा, एकाला ग्राहक, बाकीचे नोंद ठेवणारे. ठगाला चार प्रसंगांपैकी एक: जुनी सायकल विकत घेणारा 'पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करा' म्हणतो. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसवणारी). 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलं' म्हणणारा खाकी वर्दीतला व्हिडिओ कॉल. आणि 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, ५,००० देतो'.

चौथा प्रसंग हायस्कूलसाठी सर्वांत गरजेचा. खातं भाड्याने देणारा मुलगा स्वतःला बळी समजतो, पण चोरीचा पैसा त्याच्या खात्यातून फिरतो आणि पोलिस त्याच्या दारात येतात. हे शिक्षकांनाही नवीन असतं.

नोंद ठेवणाऱ्यांनी दोनच गोष्टी टिपायच्या: ठगाने घाई कुठे केली, आणि 'कोणाला सांगू नका' कधी म्हटलं. मग नियम: यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही.

शेवटी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावण्याची तालीम, खोटा फोन. हाताशी काय हवं: बँकेचं नाव, खाते क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक. हा क्रमांक ॲपमध्ये कुठे असतो तो प्रत्येक शिक्षकाने आपल्या मोबाइलवर शोधायचा. त्यातच दहा मिनिटं जातात. खऱ्या प्रसंगी तेवढ्या वेळात पैसा तीन खाती ओलांडतो. बँकेलाही लगेच कळवायचं. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं.

झेंडू
सोनं राहिलं. आपल्याकडे गुंतवणूक म्हणजे तेच.

सांगलीकर
सोप्या आकड्यांत: २२ कॅरेट १० ग्रॅम, हिशेबापुरता भाव ग्रॅमला १०,०००. सोनं १ लाख, घडणावळ १२ टक्के म्हणजे १२,०००, दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी ३,३६०. बिल १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर जास्तीत जास्त १ लाख, तूट धरली तर त्याहून कमी. म्हणजे भाव १५ टक्क्यांहून थोडा जास्त वाढला तर कुठे बरोबरी. दागिना हौसेचा खर्च म्हणून घ्यावा, गुंतवणूक म्हणून मोजू नये. हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बीआयएसच्या ॲपवर तपासता येतो.

लिंबूटिंबू
हे वर्गात शिकवणाऱ्या मॅडमना त्या दिवशी घरी मंगळसूत्राबद्दल बोलावं लागेल. शुभेच्छा.

कोयता_मोळी
पगारपावती घ्याच. दहावीनंतर बरीच मुलं एमआयडीसीत जातात आणि 'अठरा हजार सांगितले, सोळा दिले' म्हणत ठेकेदाराशी भांडतात किंवा गप्प बसतात. नमुना: मूळ वेतन आणि महागाई भत्ता १२,०००, एकूण १८,०००. पीएफ १२ टक्के, १,४४०. ईएसआय (कामगार आरोग्य विमा) एकूण वेतनाच्या पाऊण टक्का, १३५. व्यवसायकर २००. हातात १६,२२५. मुलगी असेल तर १६,४२५, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसायकर नाही. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० का कापले, हा कोड्यासारखा प्रश्न विचारा (वर्षाचे २,५०० व्हायला हवेत म्हणून). आणि मुख्य म्हणजे पीएफ कापला पण भरला का, हे यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) टाकून बघायला शिकवा.

तालुका_साधन
सर्वांचे आभार. आराखडा मोडला आणि पुन्हा बांधला. पहिला दिवस: फ्लॅटचा प्रश्न, श्रेढीचा तक्ता, पासबुक आणि पाट्या, दुपारी शिक्षकांचं स्वतःचं, शेवटी तीन बजेटं. दुसरा दिवस: पाठ-सराव, फसवणुकीचा अभिनय, पगारपावती, कर आणि शेअर्स मिळून एक तास, प्रश्नोत्तरं. भिशी आणि सोनं पर्यायी पाठ म्हणून झेरॉक्स. बाहेरचे वक्ते शून्य.

एक अडचण उरली. शाळेतून एकच शिक्षक येतो, आणि त्याची बदली झाली किंवा त्याला निवडणुकीचं काम लागलं की सगळं थांबतं.

खडू_फळा
४० शाळांतून एकेक बोलावण्यापेक्षा २० शाळांतून दोघं बोलवा, एक गणिताचे आणि एक भाषा किंवा समाजशास्त्राचे. हिशेब पहिल्यांचा, फसवणुकीचा अभिनय आणि कागद वाचणं दुसऱ्यांचं. उरलेल्या २० शाळा पुढच्या तुकडीत. 'तुम्ही जाऊन बाकीच्यांना शिकवा' ही साखळी पद्धत नको, तिसऱ्या कडीपर्यंत फक्त घोषवाक्यं उरतात.

पाठपुरावा केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत अर्धा तास. केंद्रप्रमुखांशी आधी बोला. तिथे अहवाल मागू नका, मुलांनी विचारलेले आणि उत्तर न आलेले प्रश्न मागा. तिसऱ्या महिन्यापर्यंत पुढच्या प्रशिक्षणाचा विषय तयार होतो.

पतपेढी
शेवटची चाचणीही बदला. 'बँकेचे प्रकार सांगा' नको. तीन कागद द्या: कर्जाचा एक, पासबुकाचं एक पान, व्हॉट्सॲपवर आलेली 'दामदुप्पट' योजनेची जाहिरात. प्रत्येकातली एक धोक्याची ओळ अधोरेखित करा आणि मुलांना विचारायचा एक प्रश्न लिहा. वीस मिनिटं.

निवृत्त_बँकर
झेरॉक्सबद्दल एक व्यवहारी सूचना. पासबुकाचं पान ए-फोरवर दीडपट मोठं करून काढा, डॉट मॅट्रिक्सची फिकट अक्षरं नाहीतर मागच्या बाकाला दिसत नाहीत. आणि नाव-क्रमांक पेनने खोडू नका, उजेडात धरलं की वाचता येतात. कागदाची पट्टी चिकटवा आणि झेरॉक्सचीच पुन्हा झेरॉक्स काढा.